वाकलेल्या पाठीचे वस्त्र

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त ग्लासगोला असतो. एम. ए.ला त्याने मराठी घेतले होते. पुढे पोटासाठी संगणकाची वाट धरली, पण जुन्या मास्तरांना पत्रे लिहिण्याची सवय काही सुटली नाही. गेली दोन वर्षे त्याला कयाक वल्हवण्याचा नाद लागला आहे. एका माणसाने पाय पुढे पसरून बसावे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डाव्याउजव्या पाण्यात मारावे, अशी ही अरुंद होडी. स्कॉटलंडमधल्या सरोवरांचे पाणी एप्रिलमध्येही हाडे गोठवणारे असते. तेव्हा अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, घेणे त्याला भागच होते. त्याने एका दुकानाची सूचिपुस्तिका आम्हांला पाठवली आणि खाली खोडसाळपणे लिहिले, "संहितेचे सूक्ष्म वाचन तुम्हीच शिकवलेत. आता ही संहिता वाचून सांगा, यांतला कोणता अंगाला सुखाचा होईल?"

आम्हांला धड पोहताही येत नाही. पण सूचिपुस्तिका हाही एक वाङ्मयप्रकार आहे आणि आपल्याकडे तो कोणी मनावर घेतलेला नाही, अशी आमची जुनी तक्रार असल्यामुळे आम्ही ती नेटाने वाचली. पहिला धक्का नावातच बसला. वेटसूट म्हणजे ओला पोशाख. पाणी आत येऊ नये म्हणून तो घालायचा, ही आमची समजूत साफ चुकीची निघाली. पाणी आत येतेच. निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा फेस करून त्याचे तक्ते काढतात. त्या तक्त्यांत वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात आणि उष्णता अडवतात ते हे बुडबुडे. पोशाख आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा जो पातळ थर शिरतो, तो अंगाच्या उबेने कोमट होतो आणि हलला नाही तर कोमटच राहतो. म्हणून पोशाख सैल असू नये. सैल असला की प्रत्येक हालचालीसरशी कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. पण इतका आवळही नको की श्वास पुरता भरता येऊ नये. शिवण काखेत काचता कामा नये. जाडी पाण्याच्या गारव्यावरून ठरवावी, वरच्या उन्हावरून नव्हे. कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते, आणि होडी उलटली की माणूस उन्हात नसतो, पाण्यात असतो.

पुस्तिकेतली सर्वांत शहाणी सूचना मात्र मापांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत होती. वल्हवणाऱ्याने पोशाख आरशासमोर उभे राहून पारखू नये. खाली बसावे, पाय पसरावेत, दोन्ही हात वल्हे धरल्यासारखे वर उचलून फिरवावेत आणि मग खांदा ओढतो की नाही ते पाहावे. उभ्या माणसाला जे छान बसते ते बसलेल्याला बसेलच असे नाही. याच कारणासाठी वल्हवणाऱ्यांमध्ये एक बिनबाह्यांचा प्रकार लोकप्रिय आहे. पाय घोट्यापर्यंत झाकलेले, छाती झाकलेली, खांद्यांवर रुंद पट्टे आणि हात पूर्ण मोकळे. अमेरिकन शेतकऱ्यांच्या छातीपट्टीच्या विजारीसारखा तो दिसतो म्हणून त्याचे नाव 'फार्मर जॉन'. बायकांसाठी केलेला 'फार्मर जेन'.

या नावापाशी आम्ही अडखळलो. गार पाण्यात तासन् तास उभे राहणारे शेतकरी आम्ही पाहिले होते, आणि जॉनपेक्षा त्यांत जेनच अधिक होत्या. ते मोखाड्यात.

मोखाडा हा पालघर जिल्ह्याचा पूर्वेकडचा, नाशिकला टेकलेला डोंगराळ तालुका. इंग्रजी अमदानीत तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा होता आणि शेजारचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. पण जव्हार-मोखाडा हा जोडशब्द या सगळ्या फेरफारांतून शाबूत राहिला आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही भूमी. शहरातले लोक इथे होळीनंतरच्या दिवसांत बोहाड्याचे मुखवटे पाहायला येतात. आम्हीही प्रथम त्याचसाठी गेलो होतो. पावसाळ्यात इथे सहसा कोणी येत नाही; पावसाळा मात्र इथल्या वर्षाचा खरा मजकूर आहे. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, डोंगरउतारावर नागली आणि वरई, खालच्या खाचरांत भात, आणि जुलैत सगळीकडे आवणी. देशावरचे आपण जिला लावणी म्हणतो तिला इकडे आवणी म्हणतात. राब भाजून त्यावर वाढवलेली रोपे उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात ती एकेक करून रोवायची. पोटऱ्या पाण्यात, हात कोपरापर्यंत चिखलात, पाठ आकाशाकडे.

त्या पाठीवर इरले असते. किंवा असे, त्याविषयी पुढे.

आता एक कबुली. वर्गात ग्रामीण कथा-कादंबऱ्या शिकवताना इरले हा शब्द आला की आम्ही 'पानांची छत्री' असा अर्थ सांगून पुढे जात असू. वीस वर्षे असे सांगितले. मोखाड्यात एका पाड्यावर प्रत्यक्ष इरले हातात घेतले तेव्हा कळले, की छत्रीशी त्याचे नाते एवढेच की दोहोंवर पाऊस पडतो. बांबूच्या कामट्यांची तिरप्या चौकडीची एक जाळी, तिच्यावर पळसाच्या पानांचे दाट थर, कौले एकावर एक रचावीत तसे, आणि वरून पुन्हा कामट्यांची दुसरी जाळी. दोन्ही जाळ्या कडेला बांधून टाकलेल्या. आकार पालथ्या होडीचा. एका टोकाशी डोके बसेल अशी खोलगट जागा आणि तिथून पाठीवर उतरत जाणारी वळणदार कड. आम्ही ते डोक्यावर घेऊन उभे राहिलो आणि फजिती झाली. मागचे टोक पोटऱ्यांवर आपटू लागले, तोल मागे जाऊ लागला, आणि ओसरीवरच्या बायकांना हसू आवरेना. मग त्यांतल्या एकीने हातानेच खूण केली, वाका. वाकल्याबरोबर ते पाठीवर बसले. डोक्यापासून कमरेखालपर्यंत एक छप्पर तयार झाले; पाणी मागे आणि बाजूंना ओघळणार, दोन्ही हात मोकळे, मान मोकळी, आणि पाठ व पाने यांच्यामध्ये हवा खेळायला जागा. उभ्या माणसासाठी हे वस्त्र केलेलेच नाही. आरशासमोर पोशाख पारखू नका, हे त्या स्कॉटिश पुस्तिकेत वाचताना आम्हांला ही फजिती आठवली.

छत्री आणि इरले यांतला फरक हा नुसता आकाराचा नाही. छत्री एक हात अडवते. ज्याला एक हात रिकामा ठेवणे परवडते, त्याचे ते साधन. त्याहून मोठ्या माणसाचे छत्र दुसऱ्यानेच धरायचे असते. छत्र, चामर, अब्दागीर या साऱ्या वस्तू दुसऱ्याचे हात गृहीत धरतात. या छत्राने आपल्या भाषेला किती शब्द दिले ते पाहावे. छत्रपतीपासून छत्रछायेपर्यंत आणि डोक्यावरचे छत्र हरपण्यापर्यंत आपले सारे आश्रयाचे व्यवहार त्याच्याखाली चालतात. इरल्याने शिष्ट मराठीला असे फारसे काही दिल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्या पळसाच्या पानांनी ते शाकारतात, त्याचीही कथा अशीच. वसंतात पळस निष्पर्ण होऊन फुलतो, आणि कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'पासून कवींनी त्या फुलांकडे डोळे लावले. फुले गळल्यावर, वैशाखात, त्याच झाडाला नवी, रुंद, चिवट पाने येतात; मृगाच्या आधी इरली बांधून व्हावीत इतक्या वेळेवर येतात. त्या पानांकडे काव्याने पाहिले नाही. पळसाला पाने तीनच, एवढ्यावर म्हणीने त्यांची बोळवण केली.

घोंगडीचे भाग्य याहून उजळ. घाटावरच्या धनगरांनी विणलेली लोकरीची घोंगडी संतवाङ्मयात रूपक होऊन बसली, आणि बोलीत तिने 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार दिला. या वाक्प्रचारात निरीक्षण मोठे नेमके आहे. लोकर भिजली तरी तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ओली घोंगडीही काही ऊब देते. पण भिजून ती मणाची होते आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. काढवतही नाही, वाहवतही नाही. रखडलेल्या प्रकरणाला याहून योग्य उपमा सापडणे कठीण. पण आवणीच्या कामात अशी जड ओली घोंगडी पाठीवर घेऊन दिवसभर वाकणे शक्य नसते, आणि ती विकत घ्यावी लागते. इरल्याला पैसा लागत नाही. लागते ते रान.

आणि इथे इतिहास आडवा येतो. १८७८ च्या वन कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रानांवर सरकारी हुकमत आवळली, तेव्हा झाडांच्या फांद्या तोडण्यावरून एवढे रण माजले की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्या वादाच्या मध्यभागी राब होता. राबाला पाला हवा, पाला तोडला तर जंगल खाते गुन्हा धरणार, आणि राब भाजला नाही तर भात नाही. राबावर पानेच्या पाने लिहिली गेली. इरल्याच्या मूठभर पानांसाठी आणि दोन बांबूंसाठी अर्थातच कोणी आयोग नेमणार नव्हते. पण ती पानेही त्याच रानातली आणि तो बांबूही त्याच पहाऱ्यातला. बांबू हे वृक्ष नसून गवत आहे, ही वनस्पतिशास्त्राला केव्हाची ठाऊक असलेली गोष्ट कायद्याला कळायला फार वेळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले, आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघाला तो २०१७ मध्ये. तोवर मोखाड्यातली इरली बांधणारी एक पिढी म्हातारी झाली होती.

पाठ कोणाच्या खाचरात वाकत होती, हाही प्रश्न आहेच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीचा अहवाल सरकारला दिला. त्यात ठाणे जिल्ह्यातली वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी यांचे वर्णन आहे. आवणी ही पावसाच्या मर्जीने चालणारी गोष्ट. दोन आठवडे हुकले की पीक हुकले. नेमके तेच दिवस जमीनदाराच्या खाचरात द्यायचे आणि स्वतःच्या तुकड्याकडे उरल्यासुरल्या पावसात वळायचे, असा वेठीचा हिशेब असे. मे १९४५ मध्ये झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली. ती कहाणी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे आपल्या अभ्यासक्रमांत आली आणि १९७२ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती चळवळ मुख्यतः डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यातली. डोंगरावरच्या जव्हार-मोखाड्याकडे तिचे पडसाद उमटले. आम्ही हे पुस्तक वर्गात शिकवतो तेव्हा संप, मोर्चा, लाल बावटा यांवर बोलतो. पावसात दुसऱ्याच्या शेतात वाकलेल्या माणसाच्या अंगावर काय होते, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने आम्हांला विचारला नाही, आणि आम्हीही तो विचारायला लावला नाही. वाङ्मयाच्या मास्तरांना वस्त्रांची आठवण सहसा नाटकाच्या नेपथ्याच्या तासालाच होते.

आता पुन्हा ग्लासगो. विद्यार्थ्याच्या पत्रामुळेच आमच्या ध्यानात आले, की पावसाळी कपड्यांच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात त्याच्याच गावात होते. चार्ल्स मॅकिंटॉश या तिथल्या रसायनकाराने १८२३ मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये घालून जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले. दोन पदर आणि मध्ये पाणी न शोषणारा थर. मोखाड्याच्या इरल्याची रचना नेमकी हीच. फक्त कापडाच्या जागी कामट्या आणि रबराच्या जागी पळस. मॅकिंटॉशचा कोट थंडीत ताठ होई, उन्हात चिकट होई, त्याला वास येई आणि आत घाम कोंडे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडल्यावर ताठरपणा आणि चिकटपणा गेला. घाम राहिला तो राहिलाच. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन तयार झाले. १९५१-५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ, जो महायुद्धाच्या काळात लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामावर होता, आरमाराच्या पाणबुड्यांसाठी पोशाखाचा विचार करीत होता. तोवरचे सगळे शहाणपण अंग कोरडे ठेवण्यामागे लागलेले. ब्रॅडनरने विचारले, कोरडे कशाला? ऊब राखणारा थर अंगाभोवती असला तर ओले राहिले म्हणून काय बिघडले? वेटसूट त्या प्रश्नातून निघाला. कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या तरुणांनी आणि त्यांना पोशाख विकणाऱ्या जॅक ओनीलसारख्या दुकानदारांनी तो जगभर नेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ब्रॅडनरचा प्रश्न आम्हांला इरल्याच्या अंगाने विचारावासा वाटतो. आवणी करणारी बाई कोरडी राहावी असा इरल्याचा दावाच नाही. तिचे पाय, हात, लुगड्याचा काष्टा सगळे भिजलेलेच असते. इरले राखते ती फक्त पाठ, खांदे आणि डोके. पाऊस एकसारखा ज्यावर पडत राहतो तो अंगाचा मोठा भाग आणि वारा जिथून सर्वांत जास्त ऊब पळवतो तोही तोच. खालचे कामाला सोडून द्यायचे, वरचे राखायचे. जिथे जिथे पाऊस आणि वाकून करायचे काम एकत्र आले, तिथे तिथे माणसाने हा तोडगा काढलेला दिसतो. मेघालयातल्या खासी बायका शेतात वापरतात ते बांबूपानांचे 'क्नुप' जवळजवळ आपले इरलेच. तोही पालथ्या होडीचा आकार. जपानी शेतकऱ्याचा 'मिनो' पेंढ्याचा, अंगावर झुलणारा. त्या मिनोला मात्र साहित्यात मानाची जागा मिळाली. बाशोच्या परंपरेतल्या १६९१ च्या एका प्रसिद्ध संग्रहाचे नावच 'सारुमिनो', म्हणजे माकडाचा मिनो. आणि हिरोशिगेच्या तोकाइदो मार्गावरच्या चित्रमालेत शोनो गावच्या सरीतून पळणाऱ्यांच्या अंगावर मिनो आहेत, शेजारी छत्रीही आहे. छत्री आणि मिनो एका चित्रात मावतात, ही गोष्ट आम्हां मराठी वाचकांना थोडी हेवा वाटण्याजोगी आहे.

मोखाड्याच्या खाचरांत आता इरली कमी दिसतात. पॉलिथीनचा शोध १९३३ मधला, इंग्लंडातल्या एका प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी अपघाताने लागलेला. आपल्या खेड्यांत त्याच्या आधी गोणपाटाची खोळ होती, मग खताच्या प्लास्टिक गोणीची एक बाजू उसवून केलेली खोळ आली आणि आता बाजारातून कापून आणलेला निळा किंवा पिवळा तुकडा. याला तिकडे कागद म्हणतात. आम्ही आयुष्यभर ज्या शब्दावर पोट भरले, तो शब्द तिथे पावसापासून अंग वाचवणाऱ्या प्लास्टिकला लागतो, याची आम्हांला प्रथम गंमत वाटली. हा कागद डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारतात. इरल्याच्या बाजूने हळहळणारे लेख अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांचा सूर असा असतो की जणू त्या बायकांनी एखादी पुराणवास्तू मोडीत काढली. आम्हांला तो सूर पटत नाही. इरले जड असते. ते करायला कामट्या काढण्यापासून दिवस मोडतो आणि पाने दर वर्षी नवी शाकारावी लागतात. अरुंद पायवाटेवर ते झुडपांत अडकते, उघड्या माळावर वाऱ्याने उचलले जाते, आणि ते घेऊन बाजाराच्या गाडीत बसता येत नाही. कागदाची घडी कमरेला खोचता येते.

कागदाखाली घाम मात्र कोंडतो आणि वाकले की तो पाठीला चिकटतो. बाहेरून पाऊस आणि आतून घाम, अशी पाठ दोन्हीकडून ओली. मॅकिंटॉशच्या कोटाची दोनशे वर्षांपूर्वीची तक्रार मोखाड्याच्या बांधावर पोहोचली, एवढेच. चिकटलेल्या ओल्या प्लास्टिकात हवेचा थर उरत नाही, आणि ऊब राखणारा तो थरच असतो. ज्या पाड्यावर आमची फजिती झाली तिथल्या एका वयस्क बाईने याचा निकाल सुटसुटीत लावला होता. बाजाराला आणि दवाखान्याला कागद, आवणीला इरला. तिच्या सुनेने दोहोंनाही कागदच पसंत केला होता. आम्ही त्यांपैकी कोणाचीही बाजू घेतली नाही, कारण वाकायचे त्यांना होते.

तरीही एक गोष्ट राहते आणि ती आम्हांला त्या सूचिपुस्तिकेच्या शेवटच्या पानाने दाखवली. तिथे नवशिक्यांसाठी सूचना होत्या. त्यांतली एक अशी, की पोशाख ऊब देत नाही, तुमच्याजवळ असलेली राखतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी पोटभर खा, सोबत खाणे ठेवा, गरम पेय ठेवा. वाक्य साधे आहे. माणसाचे शरीर स्वस्थ बसले तरी पंचाहत्तर-शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असते, काम करताना त्याच्या कितीतरी पट. आणि ती सगळी अन्नातून येते. जुलैत मोखाड्यातली हवा बावीस-तेवीस अंशांची असते. स्कॉटलंडच्या मानाने हे उबदारच म्हणायचे. पण उघडे अंग पाण्यात स्वस्थ ठेवून थंडी वाजू नये यासाठी ते पाणी तेहतीस-चौतीस अंशांचे तरी लागते. पंचवीस अंशांच्या पाण्यात पोटऱ्या, वर वारा आणि सहा-सात तासांचे काम, म्हणजे उष्णतेची उधळपट्टीच. ती भरून काढायला लागणारे अन्न नेमके याच महिन्यांत घरात नसते. गेल्या वर्षीची नागली संपत आलेली, नवीन पीक अजून हातभर. वीटभट्ट्यांवरून आणलेला पैसा बियाण्यात आणि उधारीत गेलेला. अशा वेळी रानातली शेवळे, टाकळा, कंद यांवर दिवस काढायचे आणि सरकारची खावटी केव्हा मिळते याची वाट पाहायची. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, अधिकारी आले, आहाराची पाकिटे आली. पण आवणीचे दिवस आणि रिकाम्या कणगीचे दिवस एकच असतात, हे पंचांग बदललेले नाही. याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दररोज साडेचारशे दशलक्ष लिटरच्या वर पाणी जाते आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकर येतात, हा त्या पंचांगाचा दुसरा अर्धा भाग.

म्हणून इरले सुखाचे की कागद सुखाचा, वेटसूट तीन मिलिमीटरचा की पाचचा, या प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न असतो आणि ग्लासगोच्या दुकानात त्याचे उत्तर गृहीत धरलेले असते. आमच्या विद्यार्थ्याने शेवटी पाच मिलिमीटरचा फार्मर जॉन घेतला. दुकानातच जमिनीवर पाय पसरून बसला, हातात मिटलेली छत्री वल्ह्यासारखी धरली आणि ती डावीउजवीकडे फिरवून पाहिली, असे त्याने कळवले आहे. काखेत काचत नाही म्हणे. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांच्या क्लबात सगळे मिळून गरम लापशी खातात, हेही त्याने लिहिले होते.

आम्ही उत्तरात त्याला त्या दिवसाची दुपार लिहून पाठवली. एकच्या सुमारास घरून एक लहान मुलगी फडक्यात भाकरी बांधून घेऊन बांधावर आली. पाऊस थांबला नव्हता. ती वयस्क बाई खाचरातून वर आली, पायांचा चिखल तिथल्याच पाण्यात धुतला आणि बांधावर उकिडवी बसली. उकिडवे बसल्याबरोबर इरल्याची मागची कड जमिनीला टेकली आणि त्याची एक छोटी खोपी झाली. मुलीला तिने आत ओढून घेतले. मग फडके सोडले, नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बाहेर काढली, भाकरीचा चतकोर मोडून मुलीच्या हातावर ठेवला आणि उरलेली स्वतः खाऊ लागली. चहूबाजूंनी पाणी ओघळत होते. भाकरी कोरडी होती.